पाणवठा, ट्रान्सेक्ट की कॅमेरा ट्रॅप: आपल्या जंगलातले प्राणी मोजायला काय निवडायचं?

गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय आणि आपल्या जंगलात काय काय आहे ते मोजायचंय, किंवा कॉलेजच्या नेचर क्लबला दरवर्षी नीट नोंद ठेवायचीय, तर समोर साधारण तीन पर्याय येतात. पाणवठ्यावरची मोजणी, ट्रान्सेक्ट (ठरलेल्या सरळ रेषेवर चालत दिसतील ते प्राणी मोजणं) आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा). यातलं चांगलं कुठलं असं सरसकट विचारून उपयोग नाही, कुठला प्राणी मोजायचाय आणि आकडा हवाय की नुसतं आहे का नाही एवढंच बघायचंय, हे आधी ठरवा.

पाणवठा सगळ्यांच्या ओळखीचा. बुद्धपौर्णिमेची रात्र, मे महिन्याची काहिली, पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं, लख्ख चांदणं, आणि मचाणावर बसून येईल तो प्राणी वेळेसकट लिहायचा. ताडोबा, मेळघाट, पेंच सगळीकडे हे चालत आलंय. खर्च फार नाही, नवखा माणूसही करू शकतो, आणि अस्वल किंवा सायाळ दिवसा सहसा दिसत नाहीत ते इथे दिसून जातात. पण हाती आलेल्या आकड्याला प्राण्यांची संख्या म्हणू नका. तोच रानडुकरांचा कळप संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर आला की दोनदा मोजला जातो, आणि त्या रात्री पाण्यावर आलेच नाहीत ते किती हे कळायला काही मार्गच नाही. दोन दिवस आधी वळीव पडला तर जागोजागी डबकी भरतात आणि आकडा एकदम पडतो, प्राणी मात्र तेवढेच असतात. वनविभागही आता या रात्रीला 'निसर्गानुभव' म्हणतो. सह्याद्रीत जिथे मे महिन्यातही झरे वाहतात तिथे तर हा पर्याय सोडूनच द्या. गावातली पोरं जंगलाशी जोडली जावीत म्हणून करायचं असेल तर मात्र जरूर करा, त्यासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही.

कॅमेरा ट्रॅपची ताकद वेगळी. वाघाचे पट्टे, बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, आणि डाव्या-उजव्या कुशीचेसुद्धा वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर कॅमेऱ्यांची जोडी लावतात. मग हिशोब असा: पहिल्या फेरीत समजा 20 बिबटे ओळखले, दुसऱ्या फेरीत 25 आले, त्यातले 10 जुनेच निघाले, तर एकूण अंदाज 20 गुणिले 25 भागिले 10, म्हणजे 50. न दिसलेल्यांचाही हिशोब यात धरला जातो, खरी गोम तिथेच आहे. पूर्वी पंजाचे ठसे काचेवर गिरवून वाघ मोजायचे, आणि 2004-05 च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते पण जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर देशभर पद्धत बदलली, 2006 च्या गणनेत 1411 आणि 2022 च्या गणनेत सरासरी अंदाज 3682 असे आकडे आले, महाराष्ट्रात 444. पण तुमच्यासाठी अडचण अशी की कॅमेरे महाग, चोरीला जातात, हजारो फोटो कुणीतरी बसून बघावे लागतात, आणि सांबर, नीलगाय, गवा यांना असे ओळखीचे पट्टे नसतात त्यामुळे त्यांच्यासाठी हे सरळ गणित चालत नाही. नुसतं कुठले प्राणी आहेत एवढंच बघायचं असेल तर दोन-चार कॅमेरेही पुरतात.

आता ट्रान्सेक्ट, माझं मत इथेच पडतं. साधारण 2 किलोमीटरची सरळ रेषा, उजाडताना हळूहळू चालायचं, प्राणी पहिल्यांदा दिसला तेव्हा तो जिथे होता तिथपर्यंतचं अंतर रेंजफाइंडरने (लांबूनच अंतर मोजायचं यंत्र) आणि कोन कंपासने घ्यायचा (तो पळून जिथे थांबला तिथलं अंतर घेतलं की सगळा हिशोब बिघडतो, नवीन लोक हमखास हेच करतात), कळप असेल तर कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि डोकी किती ते. रेषेजवळचे सगळे दिसतात, लांबचे निसटतात, आणि किती निसटतात हे त्या अंतरांवरूनच काढता येतं. उदाहरणार्थ 2 किलोमीटरची रेषा 10 वेळा चाललात, प्रभावी रुंदी (निसटलेल्यांचा हिशोब धरून जेवढी पट्टी खरंच बघून झाली असं मानायचं ती) दोन्ही बाजूंना 40-40 मीटर निघाली, म्हणजे 1.6 चौरस किलोमीटर बघून झालं, त्यात 48 चितळ दिसले तर चौरस किलोमीटरला 30. हे फक्त गणित समजायला, प्रत्यक्षात एकच रेषा पुरत नाही, चार-पाच तरी हव्यात, आणि एका जातीच्या निदान 60 नोंदी झाल्याशिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. घनदाट सदाहरित जंगलात इतक्या नोंदी होतच नाहीत, तिथे लेंड्या-विष्ठा मोजणं बरं.

लोकांना वाघ-बिबट्या मोजायची हौस असते ते समजतं, पण एका वाघाला वर्षाला साधारण 50 खुरवाले प्राणी लागतात, आणि तेवढे खाऊनही कळप टिकायचा तर 500 च्या आसपास जनावरं रानात हवीत. मग तुमच्या जंगलात उद्या वाघ टिकेल की गावातल्या गुरांवर येईल, हे चितळ-सांबर-रानडुकरांच्या आकड्यावरूनच कळणार ना. म्हणून पैसे आणि माणसं मर्यादित असतील तर मी ट्रान्सेक्टच म्हणेन, कंटाळवाणा वाटतो, पहाटे उठावं लागतं, कधी दोन किलोमीटरात काहीच दिसत नाही, तरी ते शून्यसुद्धा वहीत लिहायचंच.

रेषा आखताना पायवाट किंवा नाला धरून आखू नका, तिथे प्राणी मुळातच जास्त किंवा कमी असतात आणि आकडा एका बाजूला झुकतो. राखीव जंगल असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, सोबत वनरक्षक किंवा वाटा माहीत असलेला वनमजूर घ्या, आणि अर्ज डिसेंबरातच टाकून ठेवा म्हणजे फेब्रुवारीत पानगळ होऊन नजर लांब जायला लागली की लगेच चालायला सुरुवात करता येते.