बोटाखाली मराठी: ऑर्बिट रीडर २० वापरताना

फोन सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर बोटाखाली ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्रावर, एवढे पैसे कशाला, हा प्रश्न मला डोळस सहकारीही विचारतात आणि अंध विद्यार्थीही. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि गेल्या शैक्षणिक वर्षापासून ऑर्बिट रीडर २० हा ब्रेल डिस्प्ले वापरते आहे. माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे. वर्गात बोलायचं मला असतं. त्याच वेळी कानात फोनही बोलत असेल, तर एक तर माझं वाक्य अडखळतं नाही तर त्याचं निसटतं.

अभंग शिकवताना हे सगळ्यात जास्त जाणवायचं. स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, चरण कळत नाही, यमक कळत नाही. तो सपाट सुरात ओळ म्हणतो आणि मी ती ऐकून पुन्हा म्हणायची, म्हणजे लय आधीच मोडलेली. आता बोट ओळीवर असतं. आवाज एका शब्दावर, बोट पुढच्या दोन शब्दांवर. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे मी ठरवते. मध्येच एखाद्या मुलाने शंका विचारली तरी ओळ बोटाखाली तशीच उभी राहते.

यंत्र साधारण साडेचारशे ग्रॅमचं, पर्समध्ये मावणारं. समोर वीस सेलची, म्हणजे ब्रेलच्या वीस घरांची एक ओळ, प्रत्येक सेलमध्ये आठ ठिपके. वर पर्किन्स ब्रेलरच्या, म्हणजे ब्रेल टंकयंत्राच्या धर्तीचा कीबोर्ड, त्यामुळे ब्रेलरवर हात बसलेल्याला नव्याने काही शिकावं लागत नाही. ओळीच्या दोन्ही टोकांना मजकूर पुढे-मागे नेणारी बटणं आहेत. पुस्तकं आणि टिपणं एसडी कार्डावर राहतात. यूएसबी किंवा ब्लूटूथने फोनला, संगणकाला जोडलं की स्क्रीनवरचा मजकूर इथे उमटतो. ब्रेल पुस्तकांचे जाडजूड खंड ज्यांनी वसतिगृहाच्या जिन्यावरून वाहिले आहेत, त्यांना या छोट्याशा कार्डाचं मोल वेगळं सांगायला नको.

ठिपके फार आवडले. बोट दाबलं तरी ते खाली जात नाहीत, चांगल्या कागदावरच्या ब्रेलसारखे ठाम लागतात. नेहमीच्या महागड्या डिस्प्लेत ठिपके विजेवर हलवणारं पिझो तंत्र असतं, तिथे सगळी ओळ एका क्षणात बदलते. इथे ती डावीकडून उजवीकडे बदलत जाते आणि त्याचा खडखडाट ऐकू येतो. वर्गात तो कुणाच्या लक्षात येत नाही, पण शांत वाचनालयात शेजारचा नक्की वळून पाहील. वेगाने वाचणाऱ्याला ओळ भरेपर्यंतचा तो क्षणही खटकेल. मला तो खटकत नाही, कारण शिकवताना मी सावकाशच वाचते.

आता मराठीबद्दल, कारण याविषयी आधी कुठेच काही वाचायला मिळालं नव्हतं. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, मात्रेला स्वतंत्र सेल लागतो आणि जोडाक्षरात अर्ध्या अक्षराआधी चौथ्या ठिपक्याचा आणखी एक सेल येतो. म्हणून ‘कमळ’ तीन सेलमध्ये मावतं, पण ‘विद्यार्थ्यांनी’ या एकाच शब्दाला पंधरा सेल लागतात. वीसमधले पंधरा! संस्कृतप्रचुर निबंध असेल तर अंगठा सतत पुढच्या बटणावर. कविता आणि टिपणांना वीस सेल पुरतात. लांबलचक समीक्षा मी अजूनही ऐकूनच वाचते.

पण शुद्धलेखन! ‘दिन’ आणि ‘दीन’ माझा स्क्रीन रीडर जवळजवळ सारखेच उच्चारतो. बोटाखाली मात्र ऱ्हस्व इ म्हणजे ठिपके दोन-चार आणि दीर्घ ई म्हणजे ठिपके तीन-पाच. गल्लत होणं शक्य नाही. विद्यार्थ्यांचे टंकलिखित निबंध मी संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर चालू करून, ब्रेल तक्ता ‘मराठी ग्रेड १’ ठेवून तपासते. पूर्वी संशय आला की अक्षर-अक्षर करत ऐकावं लागे. आता चूक वाचतानाच बोटाला अडते. नुसतं ऐकून शिकलेली आपली कितीतरी हुशार मुलं परीक्षेत ऱ्हस्व-दीर्घात मार खातात. त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं, त्यांनी तो शब्द कधी वाचलेलाच नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तयारीला वेळ लागतो, हे आधीच सांगते. या मूळ मॉडेलमध्ये लिप्यंतराची, म्हणजे साध्या मजकुराचं ब्रेल करण्याची सोय नाही. ती पुढच्या प्लस मॉडेलमध्ये आली. त्यामुळे मराठी मजकूर संगणकावर डक्सबरीसारख्या सॉफ्टवेअरमधून बीआरएफ, म्हणजे ब्रेल फाइल करून कार्डावर टाकावा लागतो. मूळ फाइल युनिकोडमध्ये हवी. जुन्या फॉन्टमधली फाइल दिली तर ब्रेलमध्ये निव्वळ कचरा उमटतो, आणि आपल्याकडे अशा फाइल्स अजून ढिगाने फिरतात. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन वाचनालयातून तयार फाइल मिळाली तर काम हलकं होतं.

लिहिण्याच्या बाबतीत मी थोडी कमी समाधानी आहे. बैठकीतली टिपणं झटपट होतात, पाटी-स्टायलससारखं उजवीकडून डावीकडे टोचून मग कागद उलटायचा व्याप नाही. पण कर्सर थेट हव्या त्या अक्षरावर नेणारी सेलवरची बटणं यात नाहीत, म्हणून ओळीच्या मधलं एखादं अक्षर दुरुस्त करायचं तर बाणांनी तिथवर चालत जावं लागतं. लेख लिहिण्यासाठी मी संगणकच वापरते.

अमेरिकेत हे ४४९ डॉलरना बाजारात आलं, तेव्हा पिझो डिस्प्ले हजारो डॉलरचे होते. निरनिराळ्या देशांतल्या अंधांसाठीच्या संस्थांनी स्वस्त डिस्प्लेसाठी एकत्र येऊन पैसा उभा केला, म्हणून हे घडलं. तरी आपल्याकडच्या सामान्य घराला ही रक्कम मोठीच आहे. ब्रेल सफाईने वाचणाऱ्याने, आणि ज्याला लोकांसमोर वाचायचं किंवा शिकवायचं आहे त्याने जरूर विचार करावा. ज्याचं ब्रेल सुटलं आहे त्याने आधी कागदावर काही महिने सराव करावा. शक्य झालं तर विकत घेण्याआधी एखाद्या संस्थेत जाऊन स्वतःच्या विषयाची मराठी फाइल त्यावर अर्धा तास वाचून पाहा; इंग्रजी नमुना वाचून वीस सेल किती पुरतील याचा अंदाज येत नाही.