पील पंधरा दिवसांनी, महिन्याने की वर्षातून एकदा?

केमिकल पील म्हणजे चेहऱ्यावर ॲसिड लावून कातडीचा वरचा थर काढणं. त्याची चौकशी केली की बहुतेकदा सहा सिटिंगचं पॅकेज पुढे येतं. दोन सिटिंगमध्ये अंतर किती, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं. ते अंतर पॅकेजवर नाही, तर ॲसिड कोणतं, किती टक्क्यांचं आणि तक्रार काय, यावर ठरतं.

तेलकट चेहरा आणि मुरुम असतील तर पंधरा दिवसांचं अंतर चालतं. त्यासाठी सॅलिसिलिक ॲसिड २० ते ३० टक्के वापरतात. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रांत शिरतं. तीन ते पाच मिनिटांत चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते आणि त्याचं काम आपोआप थांबतं. फार खोल जात नसल्यामुळे कातडी लवकर सावरते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर हे पील नको.

वांग आणि मुरुमांचे काळे डाग असतील तर तीन ते चार आठवडे थांबावंच. इथे ग्लायकोलिक ॲसिड साधारण २० ते ३५ टक्क्यांपासून सुरू करतात. नाजूक त्वचेला मँडेलिक ॲसिड बरं, कारण त्याचा रेणू मोठा असतो आणि तो हळू मुरतो. ग्लायकोलिक आपोआप थांबत नाही. मिनिटं मोजून सोड्याच्या द्रावणाने ते उतरवावं लागतं. जरा उशीर झाला तर नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे आधी भाजतात. पुढच्या सिटिंगला टक्केवारी वाढवावी किंवा वेळ, दोन्ही एकदम वाढवू नयेत. गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य वाढतं. म्हणून वांग लवकर जावा या घाईने पंधरा दिवसांनी पील केलं तर तो उलट गडद होऊ शकतो. या दोन अंतरांत मन अडकलं असेल तर बिनदिक्कत महिन्याचं निवडा.

चार ते सहा सिटिंगनंतर त्याच उजेडात काढलेले आधीचे आणि आताचे फोटो शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. फरक नसेल तर दुसरं पॅकेज घेऊ नका, तक्रारीचं निदान बरोबर आहे का ते तपासून घ्या.

वर्षा-सहा महिन्यांतून एकदा करायचं पील म्हणजे ३५ टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड), हे जास्त खोल जातं. गोऱ्या कातडीवर ते चालतं. आपल्याकडे कमी टक्क्यांचं, तेही अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून. त्याहून खोल जाणारं फिनॉलचं पील आपल्या रंगाला नकोच. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ते मॉनिटर लावून करतात.

खरा घोळ पीलआधीच होतो. मेडिकलमधून आणलेलं ‘गोरं करणारं’ स्टेरॉईड क्रीम महिनोन्‌महिने लावलेलं असतं, कातडी पातळ झालेली असते आणि नेहमीचं हलकं पीलही खोल जातं. डॉक्टरांना ती ट्यूब नेऊन दाखवा. आधी ते क्रीम त्यांच्या सल्ल्याने सोडवायचं, पीलचं नंतर बघायचं. मुरुमांच्या गोळ्या चालू असतील किंवा ओठांवर नागिणीसारखे फोड येत असतील तर तेही सांगा. तयारी म्हणून दोन ते चार आठवडे रोज सनस्क्रीन लावावं. रात्रीचं रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं क्रीम) पीलआधी सुमारे आठवडाभर बंद. ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंगही तेवढेच दिवस नको.

कोल्हापुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. फक्त उसाच्या तोडणीमुळे ज्यांचा दिवस फडातच जातो, त्यांनी हंगाम संपू द्यावा. दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्यांनी पावसाळ्यातही सनस्क्रीन सोडू नये, अतिनील किरण ढगांतूनही येतात. चैत्री यात्रेला जोतिबावर जाणार असाल तर आधीचे दोन आठवडे पील नको. कोवळ्या कातडीवर ऊन आणि गुलाल दोन्ही झोंबतात. घरात लग्न असेल तर शेवटचं सिटिंग निदान तीन आठवडे आधी संपवा. पहिलंच पील असेल तर त्याहून बरंच आधी.

पील झाल्यावर तीन-चार दिवस पापुद्रे निघतील, ते ओढू नका. पुढची तारीख आली तरी चेहरा लाल असेल किंवा साधं पाणी लागलं तरी झोंबत असेल, तर ती पुढे ढकला. फोड, पू किंवा नवा काळा चट्टा दिसला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.