जावा ८ ते जावा २१: अद्ययावत प्रमाणपत्रासह नऊ महिने

मार्च २०२५ मध्ये मी जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या २१ व्या आवृत्तीची विकसक-स्तरावरील परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याआधीचे माझे प्रमाणपत्र २०१६ चे, म्हणजे जावा ८ चे होते. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या अनुभवात उत्साहच अधिक असतो, म्हणून मी नऊ महिने थांबून हे लिहीत आहे. या काळात पुण्यातील आमच्या गटाने विमा व्यवसायाची एक मोठी प्रणाली जावा ८ वरून जावा २१ वर आणली आणि अभ्यासातले काय उपयोगी पडले, काय नाही, हे बऱ्यापैकी तपासून झाले.

जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीची जावा प्रमाणपत्रे कालबाह्य होत नाहीत. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची आहे, अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीस प्रणालीच्या प्रशासक प्रमाणपत्राची मुदत एप्रिल २०२४ पासून तीनऐवजी दोन वर्षे झाली आणि मायक्रोसॉफ्टची भूमिकाधारित प्रमाणपत्रे दरवर्षी ऑनलाइन, विनाशुल्क नूतनीकृत करता येतात. जावाच्या प्रमाणपत्रावर मात्र केवळ आवृत्तीचा आकडा असतो आणि तो कधी जुना झाला हे कोणी कळवत नाही. माझ्या बाबतीत ते मुलाखती घेताना लक्षात आले. समोरचा उमेदवार रेकॉर्ड आणि सील्ड इंटरफेस या जावा ८ नंतर आलेल्या सुविधा वापरून सहजपणे उत्तर मांडत होता आणि मी, प्रमाणपत्रधारक परीक्षक, मान डोलावत होते.

जावा ८ वरून ११ वर जाणाऱ्यांसाठी पूर्वी स्वतंत्र उन्नयन (अपग्रेड) परीक्षा होती. १७ आणि २१ साठी तशी सोय नाही. नवा उमेदवार देतो तीच परीक्षा जुन्यानेही द्यायची. आधी मला हा जाच वाटला, कारण अपवाद-हाताळणी, वारसा आणि संग्रहरचना हे सारे पुन्हा वाचावे लागणार होते. प्रत्यक्षात या जुन्या भागातच माझ्या सर्वाधिक चुका झाल्या. दहा वर्षे कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोग्या रूपात आणणारा प्रोग्राम) आणि कोड-संपादक चुका दाखवत आल्यामुळे, कोणती ओळ संकलित (कंपाइल) होणार नाही हे नुसत्या नजरेने ओळखण्याची सवयच गेली होती.

तयारीला चार महिने लागले. रोज सकाळी तासभर, जेशेल उघडून. जावा ९ पासून जेडीके या विकसन-संचासोबत येणारे, एकेक ओळ लगेच चालवून दाखवणारे हे साधन मी तोवर कधी वापरलेच नव्हते. एक ओळ लिहावी, उत्तराचा अंदाज बांधावा आणि मगच एंटर दाबावे, एवढा एकच नियम मी पाळला आणि तो पुरेसा ठरला. परीक्षेतील प्रश्नांचा रोख बहुतांशी ‘हा कोड संकलित होईल का, झाल्यास काय छापेल’ असा असतो. नमुना-जुळणीच्या स्विचमध्ये, म्हणजे मूल्याच्या प्रकारानुसार शाखा निवडणाऱ्या रचनेत, कॅरसिक्वेन्स या व्यापक प्रकाराची शाखा त्यातच मोडणाऱ्या स्ट्रिंगच्या आधी लिहिली, तर दुसऱ्या शाखेपर्यंत कधीच पोहोचता येणार नाही म्हणून कंपायलर नकार देतो. सील्ड, म्हणजे ठरावीक उपवर्गांनाच मुभा देणाऱ्या, वर्गाच्या उपवर्गाने स्वतःला फायनल, सील्ड किंवा नॉन-सील्ड म्हणवून घेतलेच पाहिजे. स्ट्रीमवरून (घटकांच्या प्रवाहावरून) थेट टूलिस्ट या पद्धतीने मिळालेल्या यादीत नवा घटक घालता येत नाही. असे बारकावे कागदावर किरकोळ दिसतात, परंतु कोड तपासताना आज मला त्यांचाच रोज उपयोग होतो.

सराव प्रश्नसंचांबाबत मात्र सावध राहावे. मी विकत घेतलेल्या एका संचात स्ट्रिंग टेम्प्लेटवरचे, म्हणजे मजकुरात थेट मूल्ये भरण्याच्या सुविधेवरचे, प्रश्न होते. ती सुविधा जावा २१ मध्ये केवळ पूर्वावलोकन (प्रिव्ह्यू) म्हणून आली होती आणि जावा २३ मध्ये ती काढूनही टाकण्यात आली. दोन रविवार मी त्यावर घालवले. प्रश्न सोडवण्यापूर्वी ती सुविधा अंतिम झाली आहे की पूर्वावलोकनात आहे, हे संबंधित जेईपीमध्ये (जावातील बदलाच्या अधिकृत प्रस्तावात) पाहून घेण्याचा शहाणपणा नंतर आला. प्रत्यक्ष परीक्षेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पन्नास प्रश्न, १२० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६८ टक्के. जावा १७ च्या परीक्षेत तेवढ्याच प्रश्नांना ९० मिनिटे होती, त्यामुळे या वाढीव अर्ध्या तासाचे मोल मला समजले.

नऊ महिन्यांत सर्वांत मोठा उपयोग मात्र अभ्यासक्रमाबाहेरच्या एका गोष्टीचा झाला. कोणत्या आवृत्तीत काय बदलले याची यादी वाचताना मी जावा १८ मधील एक नोंद वहीत उतरवून ठेवली होती: वर्णसंकेत (अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) न सांगता फाइल वाचली तर यापुढे सर्वत्र यूटीएफ-८ हा देवनागरीही सामावणारा संकेत गृहीत धरले जाईल. आमचा एक जुना लिनक्स सर्व्हर लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय अक्षरांपुरत्या वर्णसंकेताच्या लोकेलवर (भाषा-सेटिंगवर) चालत होता. ग्राहकांची मराठी नावे असलेल्या फाइली तेथे चुकीच्या वाचल्या जात, म्हणून कोणीतरी काही वर्षांपूर्वी, वाचलेल्या मजकुराचे लॅटिन-१ मध्ये बाइट काढून ते पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचण्याची युक्ती केली होती. जावा ८ वर ती बिनबोभाट चालत होती. जावा २१ वर मजकूर पहिल्याच फेरीत अचूक वाचला जाऊ लागला आणि ही दुरुस्तीच बिघाड ठरली, कारण देवनागरी अक्षरे लॅटिन-१ मध्ये बसत नाहीत आणि प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह येते. चाचणीच्या अहवालात ‘कुलकर्णी’ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तेव्हा मूळ कारण सापडायला दहा मिनिटेही लागली नाहीत. ती नोंद वहीत नसती तर आम्ही आठवडाभर डेटाबेसवर संशय घेत बसलो असतो, याची मला खात्री आहे.

उलट अनुभव आभासी थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी असंख्य कामे चालवण्यासाठीच्या हलक्या थ्रेडचा. जावा २१ मध्ये आभासी थ्रेड सिंक्रोनाइझ्ड (एका वेळी एकाच थ्रेडला प्रवेश देणाऱ्या) खंडात अडकून थांबला की त्याला वाहणारा प्रत्यक्ष थ्रेडही अडकून पडतो, म्हणून अशा ठिकाणी रीएन्ट्रंटलॉक हे वेगळे कुलूप वापरावे, हे मी अभ्यासात पक्के केले होते. मी परीक्षा दिली त्याच महिन्यात जावा २४ आले आणि त्यात ही मर्यादा जवळजवळ पूर्णपणे दूर झाली. आमची प्रणाली २१ वरच असल्याने तो सल्ला आम्हाला अजून लागू आहे. पण गटातील नव्या सदस्यांना तो सांगताना आता मी आवृत्तीचा आकडाही आवर्जून सांगते.

सप्टेंबर २०२५ मध्ये जावा २५ ही नवी दीर्घकालीन (दीर्घकाळ आधार मिळणारी, एलटीएस) आवृत्ती आली. तिच्यात आणखी एक जुना नियम सैल झाला. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नवी वस्तू तयार करणाऱ्या कोडमध्ये, सुपर (मूळ वर्गाचा कन्स्ट्रक्टर) किंवा धिस (त्याच वर्गाचा दुसरा कन्स्ट्रक्टर) यांना केलेला हाक-आदेश हे पहिलेच विधान असले पाहिजे, हा नियम मी जावा ८ च्या परीक्षेत लिहिला आणि २१ च्या परीक्षेतही त्याच्या आधाराने उत्तर दिले. आता, तयार होत असलेल्या वस्तूचा वापर न करणारी विधाने त्याआधीही लिहिता येतात, म्हणजे आलेली मूल्ये तपासून मगच मूळ वर्गाकडे पाठवता येतात. हा बदल मला मनापासून आवडला. तो नसल्यामुळे अशा तपासणीसाठी आम्ही कितीतरी अकारण स्थिर (स्टॅटिक) पद्धती लिहिल्या आहेत.

तरीही जावा २५ ची परीक्षा मी देणार नाही. दीर्घकालीन आवृत्त्या आता दर दोन वर्षांनी येतात आणि आमच्यासारख्या प्रणाली त्यांतील एखादी सोडूनच पुढे जातात. त्यामुळे प्रत्येक आकड्यामागे धावण्यात पैसा आणि चार महिन्यांच्या सकाळी दोन्ही खर्ची पडतील. उन्नयनाचे काम प्रत्यक्ष हाती येणार असेल त्याच वर्षी परीक्षा द्यावी, असे माझे मत झाले आहे. नियोजनानुसार पुढची दीर्घकालीन आवृत्ती, जावा २९, सप्टेंबर २०२७ मध्ये अपेक्षित आहे. तोपर्यंत दर मार्च आणि सप्टेंबरला बदलांची यादी वाचून वहीत नोंदी करण्याचे काम चालू आहे. सुपरच्या नियमाखाली मी लाल शाईने ‘२५ पासून नाही’ असे लिहून ठेवले आहे.