दाजींचं डायमंड आणि आपला ग्लास : क्रूझवर दारूचं पॅकेज घ्यावं का?

राजारामपुरीतल्या मित्राचा परवा फोन आला. "भावा, दाजी सिंगापूरहून क्रूझला चला म्हणतायत. चार रात्री, पेनांग-फुकेत. त्यांच्याकडं डायमंड हाय म्हणं, रोज चार ड्रिंक फुकट. मी अन् दाजी एका केबिनमध्ये, ताई अन् आमची ही दुसऱ्या. आता मी दारूचं पॅकेज घेऊ का नको?"

मी विचारलं, "तू दिवसाला किती पितोस?" तर म्हणाला, "तिथं गेल्यावर बघू की." इथंच माणूस फसतो. पॅकेज म्हणजे दिवसाचे ठरावीक पैसे भरायचे आणि हवी तेवढी ड्रिंक घ्यायची. पॅकेज आधी घेतलं तर स्वस्त पडतं, म्हणून आपण कोल्हापुरात बसून तिथल्या तहानेचा अंदाज बांधतो, आणि तहान नेहमी जास्तच धरतो.

दाजींची कंपनी रॉयल कॅरिबियन. तिच्यात जेवढ्या रात्री जहाजावर काढाल तेवढे पॉइंट, स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनमध्ये राहिलात तर दुप्पट. या पॉइंटांवर तुमचा दर्जा ठरतो: ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड आणि ८० ला डायमंड. रोजची फुकट ड्रिंक डायमंडपासून सुरू होतात: दिवसाला ४. पुढं १७५ पॉइंटच्या डायमंड प्लसला ५ आणि ७०० च्या पिनॅकलला ६. चार रात्रींच्या सहली धरल्या तर डायमंड म्हणजे वीस सहली. जोतिबाचे खेटे माघातल्या पाच रविवारांत पुरे होतात. दाजींनी त्याच्या चौपट घातलेत, तेव्हा त्यांच्या ग्लासाकडं बघून जळू नये.

ही ड्रिंक जहाजावर मिळणाऱ्या कार्डावर जमा होतात. १४ डॉलरपर्यंतचं कुठलंही पेय चालतं, म्हणजे बिअर, वाइन, कॉकटेल, मॉकटेलसुद्धा. मात्र दिवस संपला की उरलेली गेली, उद्यावर ढकलता येत नाहीत. आणि ती दाजींचीच. "माझ्या मेहुण्याला द्या" असं बारवर सांगून चालत नाही.

फुकट ड्रिंक माणसाच्या नावावर असतात, पण दारूच्या पॅकेजचा नियम केबिनला लागतो. डिलक्स बेव्हरेज पॅकेज एकानं घेतलं की त्याच केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या प्रत्येकानं घ्यायचं, तेही सफरीच्या सगळ्या दिवसांचं. दिवसभर फुकेतच्या किनाऱ्यावर हिंडून संध्याकाळी जहाजावर परत आलात तरी त्या दिवसाचे पैसे पूर्ण. म्हणजे मित्रानं पॅकेज घेतलं तर ज्यांना चार फुकट आहेत त्या दाजींनाही ते विकत घ्यावं लागणार.

आता आकडे. पॅकेजचा दर जहाज आणि हंगामाप्रमाणं बदलतो, म्हणून हिशेबापुरता दिवसाला ७० डॉलर धरतो. त्यावर १८ टक्के सेवा शुल्क, झाले ८२.६०. सुटं प्यायलात तरी तेच १८ टक्के लागतात: १४ डॉलरचं कॉकटेल १६.५२ ला, ८ डॉलरची बिअर ९.४४ ला. डॉलर ९० रुपये धरू.

दाजींच्या केबिनमध्ये राहून पॅकेज

दोघांचे चार दिवसांचे ६६०.८० डॉलर, म्हणजे ५९,४७२ रुपये. दाजी दिवसाला चारच घेत असतील तर ती त्यांना तशीही फुकटच होती. म्हणजे पॅकेजनं त्यांचा एक रुपया वाचला नाही. दोघांचे पैसे मित्रानं एकट्यानं वसूल करायचे, दिवसाला १६५.२० डॉलरचे. बरोब्बर १० कॉकटेल. सकाळच्या नाष्ट्यापासून सुरुवात केली तरी अवघड आहे, आणि हा गडी रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन झोपणारा.

हे पैसे कोण देणार हाही प्रश्न आहेच. दाजी "राहू दे रे" म्हणतील आणि देतील, पण दिवाळीत ताईच्या घरी तो विषय निघेल.

बायकोच्या केबिनमध्ये राहून पॅकेज

वहिनी दारू पीत नाहीत, म्हणून मित्राला वाटलं, ही जोडी आणखी महाग. आकडा मात्र उलटं सांगतो. वहिनींना काहीच फुकट नाही, त्यामुळं त्या जे पितील त्याचे पैसे खरंच वाचतात. मॉकटेल, चांगली कॉफी, बाटलीबंद पाणी असं दिवसाला २० डॉलरचं धरलं तर १८ टक्के मिळवून २३.६० वसूल. मित्राला उरले १४१.६० डॉलर, म्हणजे नऊ कॉकटेल. तरीही परवडत नाहीच, पण न पिणाऱ्या बायकोबरोबर घेतलेलं पॅकेज डायमंडवाल्या दाजींबरोबर घेतलेल्यापेक्षा कमी तोट्याचं ठरतं. हे माझ्याही लक्षात कागदावर मांडल्यावरच आलं.

कुणाला औषधं चालू असतील, कुणी गरोदर असेल, तर तिच्या नावचं पॅकेज टाळता येईल का ते बुकिंगआधीच एजंटामार्फत कंपनीला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. फोनवरच्या "हो जाएगा सर"वर जाऊ नये.

कुणीच पॅकेज नाही

दाजी आपल्या चारवर. मित्र रोज दोन बिअर आणि दोन कॉकटेल घेईल असं धरू, हेसुद्धा रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या माणसाला भरपूर झालं. दिवसाला ५१.९२ डॉलर, चार दिवसांचे २०७.६८, म्हणजे १८,६९१ रुपये. पहिल्या पर्यायापेक्षा जवळपास ४१ हजारांनी कमी. एखाद्या दिवशी दाजींना पाचवं हवं वाटलं तर त्या एकाचे पैसे द्यायचे, विषय संपला.

जहाजावरचा खर्च डॉलरमध्ये लागतो आणि आपल्या बऱ्याच कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत वर आकारतात. तिन्ही पर्यायांत तो लागणारच, पण मोठ्या रकमेवर मोठा.

मग पॅकेज कुणी घ्यावं? एका केबिनमध्ये दोघेही पिणारे आणि दोघांकडंही डायमंड नाही, तर प्रत्येकी दिवसाला ५ कॉकटेलला खर्च फिटतो, सहाव्यापासून फायदा. बिअरवाल्यांचा मात्र नवव्या बिअरलाच तो फिटतो. मित्रमंडळींची टोळी जात असेल तर केबिन वाटतानाच पिणारे एकीकडं आणि न पिणारे व डायमंडवाले दुसरीकडं असं करावं. आपण सहसा घोरणारा कोण यावर वाटणी करतो. पॅकेज घ्यायचंच ठरलं तर निघण्याआधी घ्यावं आणि दरावर लक्ष ठेवावं. उतरला तर आधीचं रद्द करून नव्या दरानं घेता येतं.

वहिनींसाठी बिनदारूचं रिफ्रेशमेंट पॅकेज आहे, त्याला केबिनची सक्ती नाही. पण पाणी, साधा चहा-कॉफी, लेमोनेड हे बुफेत फुकट असतं. दिवसाला दोन मॉकटेलसाठी पॅकेज कशाला? सुटंच घ्यावं. सोळकढी कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

एक सोय बरेच जण विसरतात. चढण्याच्या दिवशी पिण्याच्या वयाच्या प्रत्येकाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली बरोबर नेता येते. केबिनमध्ये प्यायली तर काही पडत नाही, जहाजावरच्या हॉटेलात किंवा बारवर उघडली तर १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडण्याचं शुल्क. चौघांच्या चार बाटल्या, चार रात्री. बंदरावर घेतलेली दारू मात्र जहाजावर चढताना काढून ठेवतात आणि शेवटी हातात देतात, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये.

मुलगा अमेरिकेत म्हणून तिकडून कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीनं जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी: तिथंही पॅकेज अख्ख्या केबिनला घ्यावं लागतं, आणि वर २४ तासांत १५ दारूच्या ड्रिंकची मर्यादा आहे. पंधराची मर्यादा कुणाला आड येते, त्या माणसाला एकदा भेटायचंय.

आता ताईचं. नवरा-बायको एकाच पत्त्यावर राहत असतील तर वरचा दर्जा दोघांना मिळतो, फक्त कंपनीकडं दोघांची खाती जोडलेली आणि पत्ता सारखा हवा. म्हणजे दाजींची चार आणि ताईची वेगळी चार. ताई दारू घेत नाही, पण तिची मॉकटेलं त्यात बसतात. हा दर्जा जोडीदाराला आणि मुलांना मिळतो. एकाच वाड्यात चुली मांडलेल्या चार भावांना नाही, आणि मेहुण्याला तर नाहीच. मित्रानं हेही विचारून बघितलं होतं: "मी पत्ता त्यांचाच टाकला तर?"

शेवटी त्यानं पॅकेज न घ्यायचं ठरवलं. आणि पॅकेजच नाही म्हटल्यावर कोण कुठल्या केबिनमध्ये झोपतो यानं ग्लासाच्या खर्चात काही फरक पडत नाही. तेव्हा पुरुष एकीकडं, बायका एकीकडं हा बेतही मोडला. मित्र आणि वहिनी एका केबिनमध्ये, ताई आणि दाजी दुसऱ्या. दाजींचं घोरणं ताईकडंच राहिलं.