माल उरलाय, स्वस्तात करून देतो

आमचं अमळनेरचं घर अण्णांनी 1993 साली बांधलं. बैठं घर, वर 1,100 चौरस फुटांची गच्ची. अण्णा होते तोवर ती कधी गळल्याचं आठवत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आई कुरडया घालायच्या आधी ते गच्ची झाडायचे, पाण्याच्या पाइपाच्या तोंडात अडकलेला पाला हाताने काढायचे, बारीक तडा दिसला तर सिमेंट भरायचे. आजोबांचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं होतं, तिथे तर मृगाआधी दरवर्षी खारी माती टाकावीच लागे. अण्णा गेले, आम्ही भाऊ पुण्या-नाशकात, आणि चार वर्षं त्या पाइपाकडे कोणी बघितलंच नाही. आधी आमची चूक सांगतोय ती मुद्दाम.

मागच्या उन्हाळ्यात घराची किंमत काढायला एजंट आणला. छताला ओल बघून तो म्हणाला, "गिऱ्हाईक दोन-तीन लाख सहज तोडेल." आम्हाला घाई झाली. आठवड्याभरात दारात मोटरसायकलवर एकजण हजर. मागे ड्रम बांधलेला. "मावशी, पलीकडच्या कॉलनीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम संपलं, माल उरलाय. तिथे चौरस फुटाला 70 चा रेट घेतला, तुम्हाला 35 ने करून देतो."

आईने मला फोन लावून दिला. तो माणूस बोलायला हुशार. गच्चीवरच्या तड्यांचे फोटो पाठवले, छतातल्या सळ्या गंजल्यात म्हणाला. आणि यातलं एकही खोटं नव्हतं! रोग बरोबर सांगितला, म्हणून औषधही बरोबर असेल असं मी धरून चाललो. 38,500 ठरले. 25,000 आधी हवेत, तेही रोख, कारण त्याची यूपीआयची लिमिट म्हणे संपली होती. आईने कपाटातून काढून दिले.

दीड दिवसात काम आटोपलं. मे महिना, 44 अंश, स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता, आणि हे लोक भर दुपारी झाडू न मारता पांढरं फासत होते. तापलेल्या, धुळकट स्लॅबवर कोटिंग वरून लगेच सुकतं, खाली पकड घेत नाही. हे काम सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करायचं असतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा व्हिडिओ कॉलवर पांढरीशुभ्र गच्ची बघून बरं वाटलं होतं. आत दिवाणखान्यात जिथे सळ्या उघड्या पडल्या होत्या, तिथे सरळ पुट्टी भरून रंग मारला. उरलेले पैसे घेतले आणि हातात एक चकचकीत कार्ड दिलं: दहा वर्षांची गॅरंटी. त्यावर पत्ता नाही, बिल तर नाहीच.

जूनच्या दुसऱ्याच पावसाला आईचा फोन, "घरमा पानी उनं रे भाऊ." त्या माणसाचा नंबर बंद. ऑगस्टमध्ये छताचा ताटाएवढा पोपडा दिवाणावर कोसळला. आई स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. गंज चढलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून देते. वरून पुट्टी लावली की ते फक्त दिसेनासं होतं.

खरा उलगडा झाला तो बादलीमुळे. रिकामी बादली टाकून देणं आईला जमत नाही. एक धुऊन तिने त्यात बाजरी भरली होती. दिवाळीत गेलो तेव्हा मी ती फिरवून बघितली. बाहेरून वॉटरप्रूफिंगचं स्टिकर, ते नखाने सोललं तर खाली घरातल्या भिंतींचा साधा प्रायमर. गावातल्या दुकानदाराने हिशेबही मांडून दिला: दोन हात द्यायचे तर लिटरला वीस-पंचवीस चौरस फूट होतात, म्हणजे आमच्या गच्चीला 45-55 लिटर माल हवा. आईच्या आठवणीप्रमाणे बादल्या दोनच होत्या, आणि त्यातही बोअरचं पाणी ओतलेलं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे तिथेच कळलं. पण तक्रार कोणाविरुद्ध लिहायची? पूर्ण नाव नाही, पत्ता नाही, रोख दिल्याचा पुरावा नाही.

शेवटी शेजारच्या नानांच्या ओळखीचा मिस्त्री आणला. त्याने आधी रंग नाही, पाइप बघितला. तोंड मातीने बुजलेलं होतं आणि कोब्याचा (स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराचा) उतार पाइपाकडे नसून उलट कठड्याकडे गेला होता. जुना कोबा फोडला, उतार नव्याने काढला, कठड्याच्या सांध्याला सिमेंटची गोलाई दिली. आतलं पोकळ काँक्रीट ठोकून पाडलं, सळ्या तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावला, मग भरलं. गच्चीवर तीन दिवस पाणी साठवून ठेवलं आणि खाली टॉर्च घेऊन छत तपासलं. तिसऱ्या दिवशी छत कोरडं निघालं, तेव्हाच मी शेवटचा हप्ता दिला. एक लाख 15 हजार गेले. वर ते 38,500.

दारावर असा कोणी आला तर त्याला एवढंच म्हणा: पाणी साठवून दाखव, मग पैसे घे. आणि बादली तुमच्यासमोर उघडायला लावा, स्टिकरची कड नखाने उचलून बघा. आमच्या गल्लीत यंदाच्या आखाजीला ड्रमवाली मोटरसायकल पुन्हा येऊन गेली म्हणे. माणूस वेगळा होता, कार्ड तसंच.