पत्र्याच्या शेडातली जिम अन् माझी आखडलेली मांडी : साडेतीन महिन्यांचा रिव्ह्यू

जिमचं नाव टाकत नाही, कारण खाली थोड्या शिव्याही आहेत आणि तिथले सर आमच्याच दुकानातून बियाणं नेतात. खारपाणपट्ट्यातलं तालुक्याचं गाव, बसस्टँडच्या मागं पत्र्याचं शेड, बाहेर टायरचा ढीग, एवढ्यावर आमच्याकडचे लोक ओळखतीलच.

माझं कृषी केंद्र आहे. म्हणजे सीझनमध्ये सकाळी आठ ते रात्री नऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर बूड टेकलेलं. वय 39. मागच्या पोळ्याला तोरण तुटलं तसा आमचा गोऱ्हा कासऱ्यासकट सुटला, मी नवीन चपला घालून त्याच्या मागं पळालो आणि चौथ्या-पाचव्या पावलाला उजव्या मांडीला मागून कोणी गोटा मारल्यासारखं झालं, मी तं वळून पाह्यलंही कोणत्या पोट्ट्यानं मारला म्हणून. मागं कोणीच नव्हतं. पंधरा-वीस दिवसात चालाले लागलो पण मांडी आखडली ती आखडलीच. वाकलो की हात गुडघ्याच्या जरा खाली, तिथंच गाडी बंद. आई 64 वर्षांची, निंदायला बसली की टाचा टेकवून दोन तास बसते, आणि मला बुटाची लेस बांधायला पाय स्टुलावर ठेवा लागे.

सगळे म्हणत शीर आखडली, ताण दे. मोबाईलवर पाहून तीन महिने रोज ताण दिला. अर्धा तास बरं वाटे आणि दुकानात बसलो की बरोबर बुडाच्या हाडावर ठणका.

मग या जिममध्ये गेलो. सर पन्नाशीचे, जुने कबड्डीवाले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकलेले आणि हे ते दर दहा मिनिटांनी सांगतात. (1914 ची संस्था आहे, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली टीम जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. मला हे आता पाठ झालं आहे.) पण माणूस कामाचा. पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही, खाली झोपवलं, पाय सरळ ठेवून वर उचलायला लावला, माझा 50 अंशाच्या आसपास अडकला. मग विचारलं, गुडघ्याच्या खाली मुंग्या-गिंग्या येते का? नाही म्हटलं. "आल्या असत्या तं तुमाले डॉक्टरकडं पाठवलं असतं, ते नसेचं काम असते. पण तुमी रोज ताणून काहून राह्यले? दुखरी जागा आहे, तिलेच वढून राह्यले! शीर-गीर काही नाही भाऊ, मांडीत जीवच नाही तुमच्या."

वाईट वाटलं पण खरं निघालं. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं की मांडीमागं तीन स्नायू आहेत, बुडाच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात, म्हणजे खुबा आणि गुडघा दोन्हीकडं त्यांची ड्युटी. जो स्नायू लांब झाल्यावर वजन पेलू शकत नाही त्याला शरीर लांब होऊच देत नाही, आधीच ब्रेक मारते. म्हणून लांब होता होता वजन पेलायला शिकवायचं, हळूहळू, की ब्रेक सुटतो.

पहिले दोन आठवडे फक्त ब्रिज. पाठीवर झोपून बूड उचलायचं, टाचा दर वेळी बुडापासून थोड्या लांब सरकवायच्या आणि वर 30 सेकंद थांबायचं. बोअर प्रकार, पण बुडाचा ठणका यानंच कमी झाला. मग रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे हातात रॉड धरून खुब्यातून पुढं वाकायचं. हे नाव निकू व्लादमुळं पडलं, रोमानियाचा वेटलिफ्टर, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा गोल्डवाला. मला आठ दिवस जमलंच नाही, मी पाठीतून वाकत होतो. शेवटी सर म्हणाले, "दोन्ही हातात घमेलं आहे अन् कुल्ल्यानं फाटक लोटाचं आहे, लोटा." लोटलं, आणि मांडीमागं पहिल्यांदा बरोबर जागी ताण आला! गुडघे जरासे वाकलेले, पाठ सरळ, चार मोजत खाली, आठ वेळा, तीन सेट. सुरुवात नुसत्या 10 किलोच्या रॉडवर. आता 45 किलोवर आहे, म्हणजे युरियाची एक बॅग. डीएपी खताची 50 ची अजून बाकी.

नॉर्डिक नावाचा प्रकार सगळ्यात हरामी आहे. गुडघे मॅटवर, घोटे कोणीतरी दाबून धरायचे आणि पूर्ण शरीर सरळ ठेवून पुढं पडायचं, पण होईल तितकं हळू. फुटबॉलवाल्यांच्या अभ्यासांत यानं मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या म्हणतात. मी तीन वेळा केलं आणि दुसऱ्या दिवशी संडासात बसताना नळाला धरून बसलो. खुब्यासाठी मागचा पाय बाकावर ठेवून स्क्वॅट म्हणजे बैठका आणि पाय फाकवून एका बाजूला बसायचं ते कोसॅक, खुर्चीवर बसून बसून जांघेत जो कडकपणा येते तो यानं सुटला. सगळं आठवड्यातून तीनच दिवस.

आता पाय 75 अंशाच्या वर जातो, वाकलो की हाताची बोटं पायाच्या अंगठ्याला लागतात आणि लेस मी उभ्यानंच वाकून बांधतो.

शिव्या आता. पत्रा एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच तापते आणि कूलर एक, तोही सरांच्या खुर्चीकडं तोंड करून. 7.5 चे डंबेल जोडीनं नाहीत, एक 7.5 आणि दुसरा कोणीतरी वेल्डिंग करून बनवलेला. रबरी लूप बँड माझ्या मांडीवर तुटला, वळ चार दिवस होता, वरून म्हणे तुमी जास्त ताणला. पोलीस भरती निघाली की 1600 मीटरवाले पोट्टे पहाटे पाचपासून गर्दी करतात आणि सर आमच्याकडं ढुंकूनही पाहत नाहीत. बायांसाठी दुपारी 3 ते 5 ची वेळ लिहून ठेवली आहे, तेव्हा शेड भट्टी असते, कोण येईल? बायकोनं दोन दिवसात सोडलं.

फी महिन्याला 500. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन सरांच्या डोळ्याला, पाठ बोटभर वाकली तरी लांबून ओरडतात. जायचं असल्यास सकाळी सातनंतर जा, मॅट घरचा न्या, आणि तीन महिन्यांचे एकदम भरू नका, कापूस वेचणीत मित्राचे दोन महिने बुडाले तं सर म्हणे पैसे परत नाही, त्याच्या बदल्यात प्रोटीनचा डबा घेऊन जा.