स्टार ॲडव्हेंचरर टू-आय : दोन हिवाळे काळ्या रानात वापरल्यावर

आधी सांगतो मी कोण, म्हणजे ताऱ्यांच्या फोटोसाठी कॅमेरा फिरवणाऱ्या ह्या यंत्राचा, ट्रॅकरचा, रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. अंबाजोगाईत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नं, बारसं, पासपोर्ट फोटो. आणि धारूरच्या बाजूला डोंगराच्या कडेला आमचं शेत आहे, तिथं अमावस्येला आकाश असं दिसतं की पुण्याहून आलेले पाहुणे बाजेवर पडून राहतात, बोलत पण नाहीत. कॅमेरा होता, काळं आकाश होतं, तरी पाच-सहा वर्षं माझे रात्रीचे फोटो म्हणजे बाभळीच्या झाडामागं आकाशगंगा, बास. त्याच्या पुढं गाडी जातच नव्हती.

कारण साधं आहे. पृथ्वी फिरते. २३ तास ५६ मिनिटांत एक चक्कर, म्हणजे तारे तासाला १५ अंश सरकतात. नुसत्या ट्रायपॉडवर किती सेकंद शटर उघडं ठेवता येईल त्याचा सोपा हिशोब सगळे वापरतात, ५०० ला लेन्सच्या एमएमनी भागायचं, क्रॉप म्हणजे लहान सेन्सर असेल तर आधी एमएमला १.६ नी गुणून. माझ्या क्रॉप सेन्सरवर १८ एमएमला १७ सेकंद मिळतात, चालून जातं. पण माझ्याकडं १३५ एमएमची जुनी मॅन्युअल लेन्स आहे, तिच्यावर हिशोब येतो २.३ सेकंद, आणि तेवढ्यात देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची अँड्रोमेडा गॅलेक्सी, म्हणजे नुसता बोटानं पुसल्यासारखा एक डाग. मला आधी वाटायचं नवीन कॅमेरा घ्यावा लागेल, फुल फ्रेम, दीड-दोन लाखाचा. नाही लागत. ट्रॅकर लागतो.

स्काय-वॉचरचा हा स्टार ॲडव्हेंचरर टू-आय पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून सेकंड हँड घेतला, वेज (कोन लावायचं बूड), तोल धरणारं काउंटरवेट, पट्टी सगळं धरून २७ हजाराला. वस्तू म्हणजे दिसायला मिक्सरच्या भांड्याएवढा डबा, आत मोटर आणि गिअर, आणि तो ताऱ्यांच्या वेगानं कॅमेरा पृथ्वीच्या उलट दिशेनं फिरवत राहतो. चार पेन्सिल सेल टाका नाहीतर पॉवर बँक लावा, रात्र निघून जाते. कंपनी ५ किलो वजन पेलतो म्हणते, माझी बॉडी आणि लेन्स मिळून दीड किलोच्या आत, त्यामुळं त्या बाबतीत टेन्शनच नाही. वरच्या चकतीवर ताऱ्यांचा, सूर्याचा, चंद्राचा असे वेगवेगळे वेग आहेत, आणि अर्धा वेग पण आहे, तो जमीन आणि आकाश एकाच फोटोत घ्यायचं असेल तेव्हा कामाला येतो कारण दोन्ही थोडंथोडंच हलतं. वायफाय आहे, मोबाईलवर ॲप चालतं, मी फार वापरत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे यंत्र स्वतःहून काहीच शोधून देत नाही. ते फक्त फिरतं, आणि त्याचा अक्ष बरोबर आकाशाच्या ध्रुवाकडं असेल तरच नीट फिरतं. म्हणजे ध्रुवतारा धरावा लागतो. त्यासाठी आत छोटी दुर्बीण दिलीय, तिच्यात घड्याळाच्या तबकडीसारखं वर्तुळ आहे. ध्रुवतारा काही अगदी ध्रुवावर नाही, चंद्राच्या रुंदीपेक्षा जरा जास्तच बाजूला आहे, म्हणून तो मधोमध नाही ठेवायचा तर त्या वर्तुळावर, त्या वेळेला ॲप जिथं दाखवतं तिथं ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या रात्री मला पाऊण तास लागला, आता सात-आठ मिनिटं लागतात.

आणि इथं आपल्या भागाचा एक मुद्दा आहे जो बाहेरच्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. युरोप-अमेरिकेतल्या लोकांचा ध्रुवतारा वर टांगलेला असतो. आपल्याकडं ज्या गावाचा जेवढा अक्षांश तेवढाच ध्रुव वर, म्हणजे अंबाजोगाईत पावणेएकोणीस अंश. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, तर दोन मुठीपण पूर्ण नाही. एवढ्या खाली धूळ असते, गावाचा उजेड असतो, उसाचं पाचट जाळल्याचा धूर असतो, लिंबाचं झाड मधी येतं, टॉवर मधी येतो. त्यामुळं जागा निवडताना आकाशगंगा कुठून दिसते हे नंतर बघा, आधी उत्तर मोकळी आहे का ते बघा. आमच्या शेतात मी विहिरीजवळची जागा सोडून वरच्या बांधाला गेलो ते एवढ्याचसाठी. अजून एक, आपल्या अक्षांशाला ट्रॅकर जवळजवळ आडवा होतो आणि कॅमेऱ्याचं सगळं वजन उत्तरेला झुकतं, म्हणून ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेकडं करा. नाहीतर रात्री वाऱ्याच्या एका झुळकेनं सगळं सामान तोंडावर पडायचं.

ट्रायपॉडवरून आठवलं. पहिल्या हिवाळ्यात माझे फोटो पहिले दहा मिनिटं एकदम टोकदार यायचे आणि मग तारे लांबट होत जायचे, दर वेळेला, आणि मला वाटलं सेकंड हँडमध्ये फसलो, गिअर गेला. तीन रात्री त्यातच गेल्या. चौथ्या रात्री सामान आवरताना बॅटरीच्या उजेडात बघितलं तर ट्रायपॉडचा एक पाय दोन बोटं मातीत गेलेला. आदल्या दिवशी हरभऱ्याला पाणी दिलेलं, काळं रान, ओलं, आणि त्यात पाय हळूहळू बसत होता. पाय बसला की ध्रुव हलला, ध्रुव हलला की संपलं. आता घरी फरशी बसवताना उरलेले शहाबादीचे तीन तुकडे गाडीतच ठेवतो, तीन पायाखाली तीन. त्या दिवसापासून तो त्रास गेला. तुमचं रान काळं असेल तर ट्रॅकरसोबत ही फरशी पण सामानात धराच.

आता फोटोचं. दिवाळीचं लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्या धंद्यात शांतता, त्यामुळं माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा तोच. पाऊस गेलेला, हवा धुतलेली, आणि देवयानी दीर्घिका, एम ३१, रात्री नऊ-साडेनऊला उत्तरेच्या बाजूला चांगली वर. शोधायची कशी, तर भाद्रपदाच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ धरायची, दुसऱ्या ठळक ताऱ्यावर थांबायचं, आणि तिथून शर्मिष्ठेच्या बाजूला दोन बारीक ताऱ्यांच्या अंतरावर तो धुरकट ठिपका. नुसत्या डोळ्यानं दिसतो आमच्या शेतातून. १३५ च्या लेन्सवर एफ ४, आयएसओ १६००, ९० सेकंदाची एक फ्रेम. अशा साठ फ्रेम, म्हणजे दीड तास. कुठल्याही परवडणाऱ्या ट्रॅकरच्या गिअरला बारीक हेलकावा असतोच, म्हणून साठातल्या आठ-दहा फेकाव्या लागतात, ते धरूनच चला.

फोकस मात्र ऑटोवर कधीच नाही. लाइव्ह व्ह्यू लावून ठळक तारा दहा पट मोठा करायचा आणि तो अगदी टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवायची, मग रिंगला चिकटपट्टी. आणि डिसेंबरात पाणी दिलेल्या रानाशेजारी दहिवर इतकं पडतं की अकरा वाजता लेन्सच्या काचेवर पाणी, तुम्हाला कळतपण नाही, फोटो हळूहळू दुधाळ होत जातात. पॉवर बँकवर चालणारी गरम पट्टी मिळते, लेन्सला गुंडाळायची, हजार-बाराशेच्या आसपास. ती नसेल तर जानेवारी वाया.

त्या पहिल्या दिवाळीतली एक रात्र लिहितोच. आण्णा गव्हाला पाणी द्यायला आले होते, त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती. मी गुडघ्यावर बसून दुर्बिणीला डोळा लावलेला. "काय करायलास रे इतक्या राती?" म्हणले. म्हणलं, "ध्रुव धरायलोय आण्णा." काही न बोलता त्यांनी हातातली बॅटरी विझवली आणि शेजारी उकिडवे बसले. पहिली ९० सेकंदाची फ्रेम आली, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मधोमध ती तिरपी, उजळ, मधी पिवळसर आणि कडेला विरत गेलेली दीर्घिका, शेजारी तिच्या दोन छोट्या सोबतिणी, एम ३२ आणि एम ११०, त्या पण वेगळ्या दिसत होत्या. मी तोपर्यंत हजारो लग्नाचे फोटो काढलेत पण स्क्रीन बघून हात थरथरला असं त्या रात्रीच झालं. आण्णा म्हणले, किती लांब हाय हे? म्हणलं हा उजेड तिथनं निघून २५ लाख वर्षं झाली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणले, "म्हंजी आपलं कुणीच नव्हतं तवा." आणि उठून पाण्याची दारं मोडायला गेले. आता अमावस्या जवळ आली की तेच विचारतात, कधी येणार म्हणून. तिकांडं उगवलं की मला हाक मारतात, बाज वर आली की सांगतात, मी त्यांना मृग आणि सप्तर्षी म्हणतो, ते त्यांची नावं सोडत नाहीत आणि सोडू पण नयेत.

हे फिरवून फोटो घ्यायचं काम काही नवीन नाही. आयझॅक रॉबर्ट्स नावाच्या ब्रिटिश हौशी माणसानं १८८८ च्या डिसेंबरात ह्याच देवयानीचा फोटो काढला होता, २० इंची दुर्बिणीतून, काचेच्या प्लेटवर, आणि तिचे वळसे पहिल्यांदा त्या फोटोतच नीट दिसले. तेव्हा ती दीर्घिका आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, आपल्याच आकाशगंगेतला ढग असेल असं वाटायचं, ते कोडं पुढं १९२३ मध्ये एडविन हबल ह्या खगोलशास्त्रज्ञाला तिच्यात एक रूपविकारी, म्हणजे उजेड कमी-जास्त होणारा तारा सापडला तेव्हा सुटायला लागलं. आणि आज धारूरच्या बांधावर जुन्या लग्नाच्या कॅमेऱ्यानं तेच वळसे येतात. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

फोटो काढून झाला की अर्धं काम उरतं. सगळ्या फ्रेम एकावर एक बसवाव्या लागतात. डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल, दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात, वेळ घेतात. लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर वीसेक काळ्या फ्रेम घ्यायला विसरू नका, सेन्सरचे गरम ठिपके त्यानंच जातात, आणि आपल्याकडं ऑक्टोबरच्या गरमीत ते भरपूर असतात.

चंद्रासाठी हे घेऊ नका. चंद्र इतका उजळ असतो की साध्या ट्रायपॉडवर एफ ८, आयएसओ १००, शटर १/१२५ वर मस्त येतो. फक्त पौर्णिमेला काढू नका, सपाट येतो. अष्टमीच्या आसपास काढा, उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात तेव्हा. ट्रॅकरचा चंद्राचा वेग मला एकदाच खरा उपयोगी पडला, ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणाला, कारण चंद्र लाल झाला की एकदम अंधारतो आणि शटर दोन-तीन सेकंदावर न्यावं लागतं. आमच्याकडं ढग होते, फटीतून चार फ्रेम मिळाल्या, त्यातली एक स्टुडिओत लावलीय.

आता नवीन निघालेल्या त्या छोट्या स्मार्ट दुर्बिणींचं लोक विचारतात, मोबाईलवर बटण दाबलं की स्वतःच शोधून फोटो जोडून देतात त्या. ज्याच्याकडं कॅमेरा नाही, शहरात राहतो, त्याला त्या चांगल्या, मी वाईट म्हणणार नाही. पण त्यांच्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा देवयानी पूर्ण मावत नाही, आणि अनुराधा-ज्येष्ठापासून मूळपर्यंत पसरलेली आकाशगंगा तर नाहीच नाही. ज्याच्याकडं कॅमेरा आणि दोन-तीन लेन्सा आधीच पडून आहेत, आणि मोटारसायकलवर अर्ध्या तासात अंधार गाठता येतो, त्यानं ट्रॅकरच घ्यावा. आपल्या मराठवाड्यात असे फोटोग्राफर गावोगाव आहेत. पाटोद्याकडच्या मित्रांनी एवढं बघा की पवनचक्क्यांचे लाल दिवे फ्रेममध्ये येणार नाहीत, आणि साखर कारखाना चालू असला की त्याच्या बाजूचं आकाश मार्चपर्यंत विसरा. तिकडं औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र व्हायलंय, चार-चार किलोमीटरचे हात असलेलं, त्याला शांत जमीन लागते. आपल्याला नुसता अंधार लागतो, आणि तो अजून आपल्याकडं शिल्लक आहे, गावात एलईडीचे पांढरे दिवे लागताना ग्रामपंचायतीला एवढं तरी सांगा की तोंड खाली करा.

सेकंड हँड घेणार असाल तर घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. दुर्बिणीच्या आतली तबकडी स्पष्ट दिसते का, सेलच्या कप्प्यात गंज आहे का, आणि चालू करून कानाला लावा, आवाज एकसारखा बारीक यायला पाहिजे, अडखळत नको. मी माझा असाच तपासून घेतला होता. येत्या मे महिन्यात लग्नसराईतून एखादी रात्र काढून दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ धरायचाय, तो आपल्याकडून चोवीसेक अंश वर येतो, युरोपातल्या बहुतेकांना दिसतच नाही. आण्णांना सांगून ठेवलंय त्या रात्री गोठ्यावरचा बल्ब बंद ठेवा म्हणून.